दावं बांधलेला समुद्र

आमच्या बनारसच्या घरी कार्तिकात रोज एकच प्रश्न विचारला जायचा. पहाटे पंचगंगा घाटावर बुडी मारून कोणी दारात आलं की आई स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "पाणी कसं होतं रे?" बाबा म्हणायचे, "गार." माझा मधला भाऊ यज्ञेश म्हणायचा, "बरं होतं." आणि सगळ्यांत धाकटा कुशल घाटापर्यंत गेलेलाच नसायचा. मंगलागौरीच्या देवळाजवळच्या नळावर केस ओले करून तो परत फिरायचा आणि छाती फुगवून सांगायचा, "कढत! एकदम कढत, आई!"

आई लाटणं घेऊन त्याच्यामागे धावायची. "थापाड्या मेल्या, कार्तिकात गंगा कढत?" मग आम्ही सगळे हसायचो. हे इतकी वर्षं चाललं की गल्लीत कोणी खोटं बोललं तर "कुशलची गंगा" असंच म्हणायला लागले.

मी शरदिनी, तिघांत थोरली. दूधविनायकाच्या गल्लीत राहते, मुलींच्या शाळेत हिंदी शिकवते. माझ्या जिभेला हाड नाही असं लोक म्हणतात, म्हणू देत. पण सांगायचं आहे ते यज्ञेशबद्दल. अख्खा समुद्र कॉम्प्युटरमध्ये भरणारा माझा भाऊ, आणि समुद्र त्याने उभ्या जन्मात पाहिलेला नाही.

यज्ञेशला लहानपणापासून कुठलीही गोष्ट टोकाची सोसायची नाही. चहा फार गरम असेल तर त्यात पाणी ओतायचा. आमचं भांडण झालं की मध्ये येऊन म्हणायचा, "जाऊ दे ना, दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे." दसरा गेला की गळ्यात मफलर, होळी आली की मफलर पेटीत. शिस्तीचा, सज्जन, आणि भित्रा. भाऊ आहे म्हणून सांगते, नाहीतर दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी त्याची गय केली नसती.

विद्यापीठात त्याचं काम होतं ते असं. बंगालच्या उपसागराचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात ऊन किती पडतं, वारा किती, नद्यांचं गोडं पाणी किती येतं, खालचं गार पाणी किती वर चढतं, हे सगळं गणितात मांडायचं. मग कॉम्प्युटर एकेक पाऊल पुढे टाकत सांगतो, वरच्या थराचं पाणी कोणत्या महिन्यात किती तापलं. एका वर्षी जास्त का तापतं, दुसऱ्या वर्षी कमी का, हा जो चढउतार, तोच त्याला हुबेहूब उतरवायचा होता. "समुद्राचा वरचा थर तापला ना ताई," तो मला म्हणाला होता, "तर वादळाला त्यातूनच बळ मिळतं. म्हणून हे बघायचं."

पण हा गणितातला समुद्र मोकळा सोडला की भरकटतो. कुठेतरी बारीकशी चूक राहते, ती साठत जाते, आणि पाणी तापत सुटतं. म्हणून सगळेच त्याला दावं बांधतात. गेल्या कित्येक वर्षांची सरासरी हा खुंटा. समुद्र खुंट्यापासून लांब जायला लागला की प्रत्येक पावलाला त्याला थोडं मागे ओढायचं. दावं किती घट्ट ठेवायचं, हे मात्र ज्याच्या त्याच्या हातात.

यज्ञेशने एकदा ते सैल सोडलं होतं. त्याच वर्षी पुण्याला एका परिषदेत तो नकाशे घेऊन गेला, आणि एका कोपऱ्यात त्याचा समुद्र असा तापला होता की मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आता चहापत्ती टाका." सगळा हॉल हसला. परत आल्यावर कितीतरी दिवस तो नीट जेवला नाही. त्यानंतर त्याने दावं असं आवळलं की त्याचा समुद्र जागचा हलेना.

मी चिडवायचे त्याला. "अरे, चढउतार बघायचाय ना तुला? मग बांधून ठेवलेल्या गाईला कुठे चरून आलीस म्हणून काय विचारतोस?"

"मला माहीत आहे गं," तो म्हणायचा. "सरही म्हणतात सैल कर. करीन. एवढा लेख जाऊ दे."

कुशल त्याच्या अगदी उलटा. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकला, पण दिवसभर अमृतराव घाटावर पतंग, पान आणि गप्पा. घरातही अर्धी हिंदीच बोलायचा. शेवटी यज्ञेशनेच शब्द टाकला. त्यांच्याच कामासाठी विशाखापट्टणहून एक भाड्याचं छोटं जहाज समुद्रात जायचं. ठरलेल्या जागी थांबून पाण्यात यंत्र सोडायचं, तापमान मोजायचं, आकडे बनारसला पाठवायचे. कॉम्प्युटरचा समुद्र खऱ्या समुद्राशी ताडून बघायला ते आकडे लागतात. यंत्र सोडायला माणूस हवा होता, आणि कुशल तयारच होता.

बाबांना हे अजिबात पसंत नव्हतं. आमचे बाबा शिवरामभट, घाटावर क्रियाकर्म करणारे. पाण्यात गेलेल्या, देहच न सापडलेल्या माणसांचे नातेवाईक लांबलांबून त्यांच्याकडे यायचे. मग बाबा पळसाची पानं देठांसकट मांडून, दर्भाने बांधून माणूस करायचे. डोक्याच्या जागी नारळ. त्या पळसाच्या माणसाला अंघोळ घालायची, त्याच्या नावाने मंत्र म्हणायचे आणि त्याला अग्नी द्यायचा. "माझ्याकडे येतात ती काही म्हातारी माणसं नसतात," बाबा म्हणाले. "तुझ्याच वयाची असतात."

"बाबा, मी खलाशी थोडाच आहे? थर्मामीटरवाला आहे मी, थर्मामीटरवाला!" कुशल म्हणाला आणि गेला.

अठ्ठ्याण्णव सालचा पितृपंधरवडा संपत आला होता, तेव्हा जौनपूरकडचे कोणी लोक बाबांकडे आले. त्यांचा माणूस होडी उलटून पाण्यात वाहून गेला होता. बाबांनी पळस मागवला. मोळी घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी ते लोक पेढे घेऊन दारात. माणूस जिवंत सापडला होता, पार बलियाला वाहत जाऊन. आम्ही पेढे खाल्ले. मोळी जिन्याखाली तशीच राहिली.

आता अशी मोळी घरात ठेवत नाहीत. ज्याच्यासाठी आणली त्याला लागली नाही तर त्याच दिवशी गंगेत सोडायची, हे मला बाबांनीच शिकवलेलं. मी रोज मागे लागले. "बाबा, ती मोळी सोडून या. मला जिन्यावरून जाताना बरं वाटत नाही." बाबांचे गुडघे त्या वर्षी फार धरले होते. एकदा म्हणाले उद्या, एकदा म्हणाले परवा. आणि मग एकदा वैतागून म्हणाले, "राहू दे गं, कोणाला तरी लागेलच."

मी म्हटलं, "शुभ बोला की हो बाबा!" त्यांचं तोंड उतरलं. तरी मोळी तिथेच राहिली.

कोजागिरीच्या आसपास कुशलचा फोन आला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गोपीनाथकाकांचं एसटीडीचं दुकान होतं, तिथे तो करायचा, आणि काका हाक मारायचे. आई, यज्ञेश आणि मी धावत गेलो. आईने पहिलं काय विचारावं? "जेवतोस ना नीट?" आणि लगेच, गंमत म्हणून, "पाणी कसं आहे रे तिथलं?"

तो पलीकडून इतक्या मोठ्याने बोलला की मला बाजूला ऐकू आलं. "कढत! आई, कसम से, एकदम कढत! बादलीने वर काढलं तर हाताला कोमट लागतं."

आई हसत सुटली. काकाही हसले. मीसुद्धा. यज्ञेश एकटा हसला नाही, कारण कुशलने पाठवलेले आकडे त्याच्या टेबलावर येऊन पडले होते, आणि ते त्याच्या समुद्रापेक्षा बरेच वर होते. त्याने आईच्या हातातून फोन घेतला.

"कुशल, यंत्र तपासलंस का? आकडे फार चढे आहेत."

"तपासलं, दादा. पाणीच गरम आहे."

"माझ्या मॉडेलमध्ये तिथे नेहमीसारखंच आहे. इतक्या वर्षांच्या सरासरीतही तसंच आहे. तुझं एकट्याचं कसं बरोबर असेल?"

"अरे दादा, मी झूठ नाही बोलत आहे! हात घालून बघितलंय मी!"

"हात घालून?" यज्ञेशचा आवाज सहसा चढत नाही, त्या दिवशी चढला. "कार्तिकात पण हात घालूनच बघायचास ना तू? तेव्हा गंगापण कढत असायची."

मग कुशल म्हणाला, "ठीक आहे. मी परत मोजतो."

खरं म्हणजे त्याचं काम संपलं होतं. कार्तिकी पौर्णिमेला तो घरी यायचा होता. आईने त्याच्यासाठी अनारशाचं पीठ करून ठेवलं होतं. पण यज्ञेशने ते आकडे बाजूला काढले, सदोष म्हणून वर कळवलं, आणि वरून उत्तर आलं की शंका असेल तर त्याच जागी पुन्हा मोजून घ्या. जहाज पुन्हा जायचं ठरलं, आणि कुशलने स्वतःहून नाव दिलं. पौर्णिमेला त्याचा दोन मिनिटांचा फोन आला. या वेळी तो थट्टा करत नव्हता. "दादा, नवं थर्मामीटर मिळालंय. जुनं आणि नवं दोन्ही एकाच बादलीत घालून बघितली. एकच आकडा देतात. आता पाणी मोजून आलो की मानशील ना?"

"ये तू आधी," यज्ञेश म्हणाला.

त्या संध्याकाळी पंचगंगेवर बांबूंच्या टोकांना आकाशदिवे चढवले होते, गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून. दर वर्षी आई उत्साहाने बघायला जायची. त्या वर्षी दारातूनच परत फिरली. "आज नको गं," म्हणाली, "आज ते दिवे बघवत नाहीत."

ती दोन थर्मामीटरं यज्ञेशच्या डोक्यात शिरली. माणूस खोटं बोलेल, दोन थर्मामीटरं एकसारखं खोटं बोलतील का? दुसऱ्या दिवशी विद्यापीठात जाऊन त्याने पुण्यानंतर इतक्या वर्षांत न केलेली गोष्ट केली. दावं सैल केलं. कोणाला सांगितलं नाही. त्या वर्षीचे वारे, ते ऊन, ते ढग, सगळं घातलं आणि समुद्र मोकळा सोडला. ते गणित पुरं व्हायला दिवसच्या दिवस लागतात, त्यात मध्येच बिजली जायची आणि मागच्या टप्प्यापासून पुन्हा सुरू. घरी आला की जेवायला बसायचा आणि ताटातला भात नुसता चिवडायचा. जिन्यावरून जाताना मोळीकडे बघायचा नाही.

एका दुपारी मी शाळेतून परत आले तर हा ओट्यावर बसलेला. मफलर हातात, आणि घामाने शर्ट भिजलेला.

"ताई," तो म्हणाला, "कुशल खरं बोलत होता."

दावं सैल केल्यावर त्याचा समुद्र तापला होता. पण पुण्याच्या वेळेसारखा कुठल्याही कोपऱ्यात नाही. जिथे कुशलने मोजलं होतं तिथेच, आणि कुशलने सांगितलं होतं तितकाच. त्या वर्षी वारे पडले होते, ढग नव्हते, खालचं गार पाणी वर आलंच नव्हतं. यज्ञेशने मला कागदावरचा नकाशा दाखवला. किनाऱ्यापासून लांब, उपसागराच्या मधोमध, लाल डाग होता.

"आणि मी हे ओढून ओढून खाली आणत होतो," तो म्हणाला. "पाणी तापायला लागलं की दावं ओढायचं. तापायला लागलं की ओढायचं. मला दिसणार कसं?"

"मग आता फोन कर ना, गाढवा! बसलास काय?" मी ओरडले. "सांग त्याला, मानलं म्हणून. नको म्हणावं जाऊ."

आम्ही गोपीनाथकाकांकडे धावलो. विशाखापट्टणचा नंबर लागता लागेना. लागला तेव्हा तिथल्या माणसाने सांगितलं, जहाज काल सकाळीच गेलं. यज्ञेशने विचारलं, वायरलेसवर निरोप देता येईल का? देऊ म्हणाला. काय सांगायचं? यज्ञेशने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाला, "कहिए कि भाई ने मान लिया है. कहिए कि लौट आए." काकांच्या दुकानातला रेडिओ मागे चालू होता. बातम्यांत बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतोय असं काहीतरी होतं. काकांनी हात लांब करून तो बंद केला.

निरोप पोचला की नाही, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. जहाज परत फिरलं होतं एवढं कळलं. किनारा गाठायच्या आत इंजिन बंद पडलं, आणि मागून वादळ आलं. तापलेल्या पाण्यावरून येता येता ते फुगत गेलं. चौघं वाचले. त्यांतला एक केरळचा मुलगा होता, त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. कुशल यंत्राची पेटी बांधून ठेवायला मागे गेला आणि लाट आली.

आई म्हणाली, बारा वर्षं थांबायचं. शास्त्र आहे, पत्ता नसलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघतात. तो बलियाला वाहत गेलेला नाही का परत आला? ती बाबांपुढे हात जोडून म्हणाली, "लोकांना सांगता ना तुम्ही, थांबा म्हणून? मग आपल्या पोराला नाही थांबायचं?"

बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. "पत्ता नसेल तर थांबतात, अन्नपूर्णे," ते म्हणाले. "याला जाताना पाहिलंय." आणि मग जन्मात कधी रडले नव्हते तसे मोठ्याने रडले.

पळस आणायला कोणाला पाठवावं लागलं नाही. जिन्याखालची मोळी यज्ञेशने खांद्यावर घेतली. माझा संताप संताप झाला. बाबांवर, मोळीवर, त्या लाल डागावर, कोणावर काढू तेच कळेना. मी मोळीला हात घालून म्हटलं, "ही नाही न्यायची!" यज्ञेश म्हणाला, "सोड ताई," आणि मी सोडली.

विधी सांगायला काशीनाथभट बसले, कारण बाबांच्या तोंडून मंत्र फुटेनात. पळस मांडून झाला, नारळ ठेवला. अंघोळीसाठी गंगेतून कळशी भरून आणली, तेवढ्यात मी पोचले. बायका तिथे येत नाहीत, पण मला कोण अडवणार? आईने माझ्या हाती तपेली दिली होती, पदराने धरून आणलेली, वाफ निघत होती. काशीनाथभट म्हणाले, "शरदिनी, अगं गंगेचंच पाणी लागतं." मी म्हटलं, "गंगेचंच आहे. आईने तापवलंय. त्याला गार सोसत नाही." बाबांनी ते कोमट पाणी पळसावर ओतलं.

यज्ञेश अजून त्याच कामावर आहे. त्याचा लेख पुढे छापून आला. त्यात कुशलचे आकडे आहेत, सगळे, एकही न गाळलेला. त्याचा समुद्र आता सैल असतो. कधी चुकतो, भलतीकडेच तापतो, लोक हसतात. हसू देत, म्हणतो. पण वर्तमानपत्रात उपसागराचं नाव आलं की तो तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसतो, आणि मी पेपर काढून घेते.

पुढच्या कार्तिकातला पहिला दिवस. बाबा जाऊन आले, आत निघून गेले. आई पोळ्या लाटत होती. मग यज्ञेश दारात आला. पंचगंगेवर बुडी मारून आला होता, गमछा खांद्यावर, केसांतून पाणी गळत होतं, थंडीने दात वाजत होते. आणि इतक्या वर्षांची सवय, आईच्या तोंडून निघून गेलं, "पाणी कसं होतं रे?"

लाटणं तिच्या हातात तसंच राहिलं. मला वाटलं, आता ही कोसळते.

यज्ञेश उंबऱ्यातच उभा होता. ओठ निळे पडले होते. "कढत," तो म्हणाला. "एकदम कढत, आई."

आई उठली. लाटणं खाली ठेवून त्याच्याजवळ गेली, पदराने त्याचं डोकं पुसायला लागली. पुसत पुसत म्हणाली, "हो रे बाळा. असेल."